घरच्या स्विमिंग पूलचं माप कसं ठरवायचं? मावळ, १० गुंठे

चाफा_अंगणातला
कामशेतच्या अलीकडे १० गुंठ्यांच्या प्लॉटवर घराचं काम जोत्यापर्यंत आलंय. मागे १५ × ९ मीटर मोकळी जागा आहे, तिथे पूल करायचाय. वापरणारे सहा: ५ आणि ९ वर्षांची दोन मुलं, पाण्यात नुसतं चालणारे दोन ज्येष्ठ आणि दोन पोहणारे. त्यातल्या एकाला रोज अर्धा तास सलग पोहायचंय. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकर.
ठेकेदार म्हणतो १२ × ५ मीटर करा, खोली ४ फुटांपासून ६ फुटांपर्यंत. "जागा आहे तर हात आखडता कशाला?" हे माप बरोबर आहे का? नसेल तर कशावरून ठरवायचं?

जलमापक
जागेवरून ठरवू नका, पाण्यावरून ठरवा. लांबी × रुंदी × सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये. येईल त्याला हजाराने गुणलं की लिटर. फुटांत मोजत असाल तर घनफुटांना २८.३ ने गुणा.
ठेकेदाराचा पूल: १२ × ५ × १.५ = ९० घनमीटर, म्हणजे ९०,००० लिटर. १०,००० लिटरचे नऊ टँकर.
साधा घरगुती पूल: ८ × ४ × १.२ = ३८.४ घनमीटर. चार टँकर, तेही पूर्ण नाहीत.
एकदाच भरायचंय, नऊ काय नि चार काय, असं वाटेल. पण एप्रिल-मेच्या कडक उन्हात उघड्या पाण्याची पातळी रोज साधारण ७-८ मि.मी. खाली जाते. ६० चौरस मीटर पृष्ठभागावर हे रोजचे ४५० लिटर झाले. दोन महिन्यांत २७,००० लिटर नुसते हवेत. ३२ चौरस मीटरला हाच आकडा रोज २४० लिटरवर येतो. ज्या महिन्यात बोअर आटतो, नेमका त्याच महिन्यात पूल पाणी मागतो.
शिवाय आठवड्याला फिल्टरचा बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं) आहेच. तीन मिनिटांत ३५०-४०० लिटर जातात. ते पाणी क्लोरीन उतरल्यावर झाडांना घालता येतं, नारळाला चालतं, रोपवाटिकेला नको.

उलटा_हात
जलमापक यांचं गणित मान्य. पण ८ × ४ हे माप इथे बसत नाही, कारण एकाला सलग पोहायचंय.
८ मीटरच्या पुलात पायऱ्या लांबीच्या टोकाला दिल्या की काय होतं बघा. १.२ मीटर खोलीला २४ सेंमीचे पाच टप्पे लागतात, मध्ये ३० सेंमीच्या चार पायऱ्या. म्हणजे १.२ मीटर लांबी पायऱ्यांनी खाल्ली. उरले ६.८ मीटर. भिंतीला पाय लावून सुटलं की माणूस ३-४ मीटर तसाच सरकतो, दोन-तीन हात मारले की समोरची भिंत. ते पोहणं नव्हे, नुसतं वळणं झालं.
उलट रुंदीला ४-५ मीटरची गरज नाही. शर्यतीच्या तलावात एका लेनला २.५ मीटर देतात, तेवढी एका माणसाला भरपूर. म्हणून लांब आणि अरुंद घ्या: १० × ३.५. त्यातली २.५ मीटर मोकळी लेन, उरलेल्या १ मीटरच्या पट्ट्यात पायऱ्या, बसायचा कट्टा, मुलांची उथळ जागा. पायऱ्या लांबीत घुसत नाहीत. पाणी १० × ३.५ × १.२ = ४२ घनमीटर, म्हणजे ८ × ४ पेक्षा फक्त ३,६०० लिटर जास्त. शंभर फेऱ्यांना एक किलोमीटर, मोजायलाही सोपं.
दोरी बांधून जागच्या जागी पोहणार असाल तर ४ × २.५ मीटरसुद्धा पुरतं. त्यासाठी आखूड भिंतीच्या काठात ३१६ ग्रेड स्टेनलेसचा हूक काँक्रीट ओततानाच बसवून घ्या. नंतर ड्रिल मारून बसवलेला हूक वॉटरप्रूफिंग फोडतो.

खडीसाखर
+१. आणि सहा फूट खोली नेमकी कुणासाठी?

ओली_पायरी
कुणासाठीच नाही. सूर मारायला सहा फूट कमी पडतात, काठावरून डोक्याकडून उडी मारायची तर नऊ फूट पाणी हवं. उभं राहायला सहा फूट जास्त. या मधल्या खोलीत लोक "खोल आहे" असं समजून उडी टाकतात आणि मान मोडून घेतात. घरच्या पुलाला सूर नाही म्हणजे नाही.
५ वर्षांचं मूल साधारण १०५-११० सेंमी उंच असतं, ९ वर्षांचं १३० च्या आसपास. सपाट १.२ मीटर ठेवलं तर थोरल्याच्या हनुवटीच्याही वर पाणी जातं, धाकटं कुठेच उभं राहू शकत नाही. माझं मत: एका टोकाला १.०५, दुसऱ्या टोकाला १.३५. दहा मीटरमध्ये ३० सेंमीचा उतार पायाला जाणवतही नाही, ज्येष्ठांना चालायला चालतो. सरासरी १.२ च राहते, म्हणजे पाणी तेवढंच.
धाकट्यासाठी उथळ टोकाला, त्या १ मीटरच्या पट्ट्यात, ३ मीटर लांबीचा ओटा करा, त्यावर ४५ सेंमी पाणी. पुढे मुलं मोठी झाली की तोच बसायचा कट्टा होतो. ओट्याची कड मात्र वेगळ्या गडद रंगाच्या टाइलने दाखवा. पाण्यातून एकाच निळ्या रंगात कड दिसत नाही, मूल चालत चालत पुढे जातं आणि एकदम खाली.
आणि कुंपण. चारही बाजूंनी १.२ मीटर उंच, आडव्या पट्ट्या नकोत कारण मुलं त्यावर चढतात, फाटक आपोआप बंद होणारं, कडी आतून वरच्या बाजूला. घराची भिंत ही चौथी बाजू धरू नका. तसं केलं तर घराचं मागचं दार हेच उघडं फाटक होतं.

जलमापक
ओट्याबद्दल एक भर. उथळ पाणी उन्हात लवकर तापतं आणि तिथे फिरत नाही, म्हणून शेवाळ पहिलं धरतं ते तिथेच. एक रिटर्न इनलेट (फिल्टरमधून आलेलं पाणी पुलात सोडणारं तोंड) ओट्याच्या दिशेने द्याच.

टाकीवाला
सगळे लहान करा म्हणताहेत म्हणून दुसरी बाजू सांगतो. १५,००० लिटरच्या छोट्या पुलात सुट्टीच्या दिवशी आठ मुलं उतरली की तासाभरात क्लोरीन शून्यावर येतं आणि पाणी दुधी होतं. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. पाण्यात खेळणाऱ्या माणशी २.५ ते ३ चौरस मीटर पृष्ठभाग धरा. ३५ चौरस मीटरला ११ ते १४ माणसं, सहा जणांच्या घराला पाहुण्यांसकट पुरे. याच्या खाली उतरू नका, वर जायची गरज नाही.
रसायनाचा हिशेबही बघा. ४२ घनमीटरला १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) क्लोरीन म्हणजे ४२ ग्रॅम, म्हणजे ९० टक्के टीसीसीए (पुलात टाकायची क्लोरीनची पावडर) सुमारे ४७ ग्रॅम. उन्हाळ्यात रोज १.५ ते २ पीपीएम उडतं, तर ७० ते ९५ ग्रॅम रोज, महिन्याला अडीच किलो. ९० घनमीटरला सव्वापाच किलो.
आता यातली गोम. टीसीसीएतून जेवढं क्लोरीन मिळतं त्याच्या ०.६ पट सायन्युरिक आम्ल पाण्यात साठतं, आणि ते उडून जात नाही. दीड-दोन महिन्यांत ५० पीपीएमच्या पुढे गेलं की क्लोरीन मोजमापात दिसतं पण नीट काम करत नाही, पाणी हिरवं होतं. माळी अजून पावडर टाकतो, अजून हिरवं. उपाय एकच: एक तृतीयांश पाणी काढून नवं भरणं. ४२ ला ते १४,००० लिटर, ९० ला ३०,०००. मे महिन्यात तीन टँकर फक्त पाणी बदलायला. पावसाळ्यात मात्र वरून पडणारं पाणी हे काम फुकट करतं.
ब्लीचिंग पावडर स्वस्त पडते, पण बोअरच्या जड पाण्यात तिचं कॅल्शियम टाइलवर पांढरा थर धरतं. पीएच ७.२ ते ७.६ च्या आत ठेवा, नाहीतर दोन्ही पावडरी वाया.

चाफा_अंगणातला
मनापासून आभार. १० × ३.५, खोली १.०५ ते १.३५, यावर घरात एकमत झालंय. ठेकेदार म्हणतो मग पंप-फिल्टर आधीच्याच कोटेशनमधला ठेवू, "मोठा असलेला बरा". आणि जमीन: वर दोन-अडीच फूट काळी माती, खाली मुरूम, शेजारच्या विहिरीत ऑगस्टमध्ये पाणी अगदी काठाला येतं. याने मापात फरक पडतो का?

टाकीवाला
फिल्टर मोठा बरा, पंप मोठा नको. सहा तासांत सगळं पाणी एकदा फिरायला हवं: ४२ ÷ ६ = ताशी ७ घनमीटर. ६०० मि.मी. व्यासाच्या वाळूच्या फिल्टरचं क्षेत्र ०.२८ चौरस मीटर, त्यातून ताशी ७ म्हणजे वेग ताशी २५ मीटर. निवांत. ५०० चा घेतला तर ३५-३६, चालतो पण काठावर. १ एचपीचा सिंगल फेज पंप पुरेल, ताशी साधारण एक युनिट.
आधीच्या ९० घनमीटरसाठी २ एचपी आणि ८०० मि.मी. फिल्टर असणार. त्यातला २ एचपी पंप ६०० च्या फिल्टरला जोडला तर पाणी वाळूत वाट पाडतं, घाण पलीकडे जाते आणि पुलात परत येते. "फिल्टर नवा तरी पाणी गढूळ" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच.
पाइप ६३ मि.मी. घ्या, सक्शनलाही आणि रिटर्नलाही. तळाचे मेन ड्रेन दोन, एकमेकांपासून किमान १ मीटर लांब, एकाच पाइपला जोडलेले. एकच ड्रेन असला आणि त्यावर मुलाचं अंग किंवा केस बसले तर पंपाची सगळी ओढ तिथे लागते.
स्किमर (वर तरंगणारी पानं ओढून घेणारं तोंड) दोन, पूर्वेकडच्या भिंतीत. आपल्याकडे उन्हाळ्यातला दुपारचा वारा आणि पावसाळी वारा, दोन्ही पश्चिमेच्या अंगाने येतात, पानं पूर्वेला जमतात. पश्चिमेला बसवलेला स्किमर दिवसभर हवा खातो.

लोखंडी_सळई
जमिनीचं जे लिहिलंत तेच या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. पूल भरलेला असताना काळजी नाही, रिकामा असताना तो होडी आहे.
तुमच्या मापाचं गणित. २०० मि.मी. भिंती आणि २०० मि.मी. तळ धरला तर बाहेरचं माप १०.४ × ३.९, क्षेत्र ४०.५ चौरस मीटर. काँक्रीट साधारण १५.६ घनमीटर, वजन ३९ टन. प्लास्टर, टाइल मिळून आणखी सात-साडेसात. एकूण ४६ टनांच्या आसपास. तळ जमिनीखाली १.५५ मीटरवर आहे. भूजल जमिनीच्या पातळीला आलं तर वर ढकलणारं बल ४०.५ × १.५५, म्हणजे जवळजवळ ६३ टन. ४६ विरुद्ध ६३. भूजल जमिनीपासून सव्वा-दीड फुटापर्यंत चढलं की रिकामा पूल हलायला लागतो. शेजारची विहीर काठाला येते म्हणताय, तर ही वेळ दरवर्षी येणार.
सगळ्यात धोक्याचा काळ मात्र बांधकामातला. मे अखेरीला सांगाडा ओतला, टाइल अजून नाहीत, भिंतीभोवतीची भर राहिलेली, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात त्या फटीत पाणी भरलं. तेव्हा वजन फक्त ३९ टन असतं आणि तळाच्या वर एक मीटरसुद्धा पाणी लागत नाही. एका कोपऱ्याने चार इंच उचललेला पूल परत खाली बसत नाही, कारण खाली गाळ जाऊन बसतो. तोडणे एवढाच उपाय.
करायचं काय: तळाखाली ४० मि.मी. खडीचा १५० मि.मी. थर, त्यात छिद्रांचा पाइप, तो पाइप उताराने बाहेर काढा किंवा एका विहिरीवजा खड्ड्यात सोडून तिथे सबमर्सिबल ठेवा. खोल टोकाला एक हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवा, बाहेरचा दाब वाढला की तो भूजल पुलात घेतो. आणि जून ते ऑक्टोबर पूल कधीही रिकामा करायचा नाही. पावसाआधी काम अर्धवट राहिलं तर सांगाड्यात पाणी भरून ठेवा.
सहा फूट खोलीला माझा विरोध यामुळेही आहे. खोली वाढली की ढकलणारं बल वाढतं, त्या प्रमाणात वजन वाढत नाही.
काळी माती पुलाच्या भिंतीला टेकू देऊ नका. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, डेक उचलतो. भर मुरमाची, थरांत दाबून.

खडीसाखर
अवांतर: पुण्यात बंगल्याच्या गच्चीवर ५ × ३ चा पूल करता येईल का? लहानच आहे.

लोखंडी_सळई
लांबी-रुंदीने काही होत नाही, खोली बघा. १.२ मीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १.२ टन, म्हणजे १२ किलोन्यूटन. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात वापरात असलेल्या गच्चीला चलभार (माणसं-सामानाचा भार) १.५ किलोन्यूटन धरतात, राहत्या खोलीला २. आठपट भार झाला, आणि यात पुलाचं स्वतःचं काँक्रीट धरलेलंच नाही. आधी बांधलेल्या गच्चीवर नाही. नव्या घरात आरसीसी डिझाइन करतानाच सांगितलं, पूल थेट कॉलम-बीमवर बसवला, तर होतं.

नळाची_धार
फायबरचा तयार पूल बसवला तर हे सगळं टळेल का? माप किती मोठं मिळतं?

उलटा_हात
माप कारखाना ठरवत नाही, रस्ता ठरवतो. सांगाडा अखंड येतो, त्यामुळे रुंदी साधारण अडीच-तीन मीटरच्या घरात राहते. मेन रोडवरून आत वळणारा रस्ता, गावातल्या लोंबत्या वायरी, फाटकाची रुंदी, क्रेन उभी राहायला जागा, हे सगळं आधी टेपने मोजा. आणि तो हलका असल्यामुळे वर तरंगायचा धोका काँक्रीटपेक्षा जास्त. भूजल वर येणाऱ्या जागेत खालचा निचरा त्यालाही लागतोच.

ओली_पायरी
अजून कुणी डेकचं बोललं नाही. पुलाभोवती किमान १.२ मीटर चालायची जागा आणि एका लांब बाजूला २ मीटर, म्हणजे खुर्च्या मावतात. १० × ३.५ चा पूल मग १२.४ × ६.७ जागा घेतो, सुमारे ८३ चौरस मीटर. पुलाच्या दुपटीपेक्षा जास्त. तुमच्या १५ × ९ मध्ये त्यानंतर पंपघर, न्हाणी आणि कुंपण बसतं. १२ × ५ मध्ये पंपघर कुठे जाणार होतं कोण जाणे.
डेकचा उतार पुलापासून बाहेरच्या दिशेला, ५० ला १. एका दिवसात १५० मि.मी. पाऊस झाला तर नुसत्या पुलावर सव्वापाच हजार लिटर पडतात, ते १०० मि.मी. च्या ओव्हरफ्लोने बाहेर जायला हवेत. डेकचा गढूळ लोंढाही आत आला तर दुसऱ्या दिवशी तळ दिसत नाही.

जलमापक
पंपघर पाण्याच्या पातळीखाली असेल तर पंपाला पाणी कायम मिळतं, पण पावसात तेच घर बुडतं. मोटर पंपघराच्या फरशीपासून फूटभर उंच ओट्यावर, कोपऱ्यात छोटा सम्प (पाणी जमायचा खड्डा), त्यात फ्लोटवाला पंप. विजेला ३० मिलिॲम्पियरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं स्विच) आणि पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच.

चाफा_अंगणातला
इन्फिनिटी एज घातली तर? समोर पवनेच्या बाजूच्या टेकड्या दिसतात. आणि डिसेंबरात पाणी फार गार पडतं का?

टाकीवाला
काठावरून पाणी ओसंडायचं तर खाली बॅलन्स टँक हवा, पुलाच्या १० टक्के धरा, म्हणजे चार हजार लिटर. शिवाय वेगळा पंप. आणि ओसंडणाऱ्या पाण्याचं बाष्पीभवन वाढतं. टँकरचं पाणी असताना मी नाही म्हणेन. टेकड्या खुर्चीत बसूनही दिसतात.
थंडी: पाणी २० अंशांपर्यंत उतरतं, लहान मुलं दहा मिनिटांत निळी पडतात. ४२ घनमीटर पाणी १ अंशाने तापवायला ४९ युनिट उष्णता लागते. हीट पंप एका युनिट विजेत चार-पाच युनिट उष्णता देतो, म्हणजे अंशाला १० ते १२ युनिट वीज. सहा अंश चढवायला पहिल्यांदा ६०-७०. नंतर रात्री जेवढं उतरेल तेवढंच भरायचं, आणि ते बहुतेक बाष्पीभवनाने उतरतं, म्हणून रात्री कव्हर घाला. यासाठीच पूल चौकोनी ठेवा. किडनीच्या आकाराला गुंडाळायचं कव्हर बसत नाही.

चाफा_अंगणातला
चौकोनी पक्का, इन्फिनिटी रद्द. सोमवारी फक्की (चुन्याची आखणी) मारायचीय. खोदाईचं माप किती द्यायचं? जेसीबीवाला ब्रासवर भाव सांगतोय.

लोखंडी_सळई
१० × ३.५ ची फक्की मारली तर पूल ८.४ × १.९ चा होईल, हे आधी जेसीबीवाल्याला सांगा. आतलं माप, अधिक दोन्ही बाजूंना २० सेंमी भिंत, अधिक दोन्ही बाजूंना ६० सेंमी शटरिंगला जागा: ११.६ × ५.१ मीटर.
खोली: काठ ते पाणी १५ सेंमी, पाणी सरासरी १२०, टाइल-प्लास्टर ५, तळ २०, पीसीसी (तळाखालचं साधं काँक्रीट) १०. १.७ मीटर. मी सांगितलेला खडीचा थर केलात तर १.८५. उथळ टोकाला १५ सेंमी कमी, खोल टोकाला १५ सेंमी जास्त. लेव्हल ट्यूबने चार कोपऱ्यांना खुंट्या मारून त्यावर पक्की रेघ ओढा, जोत्याच्या लेव्हलवरून, जमिनीवरून नव्हे.
खडीच्या थराशिवाय १००.६ घनमीटर, म्हणजे साडेपस्तीस ब्रास. थर धरून साडेअडतीस. एक ब्रास २.८३ घनमीटर. भाव ठरवताना लिहून घ्या की माप खड्ड्याचं, ढिगाचं नाही. उपसलेला मुरूम पाव पटीने तरी फुगतो, साडेअडतीसचे ४८ होतात, आणि बिल ४८ चं येतं. कातळ लागला तर ब्रेकरचा दर वेगळा, तोही आत्ताच ठरवा.
सगळा मुरूम विकून टाकू नका. भिंतींभोवती भरायला १२ ब्रास लागेल. तो काळ्या मातीपासून वेगळ्या ढिगात, प्लॉटच्या वरच्या अंगाला ठेवा आणि ताडपत्रीने झाका.